पडद्यासमोरचे बाळ, पिंजऱ्यातली आई

हल्ली आमच्या वाशीम जिल्ह्यात बालसंगोपनावर कुठेही भाषण होवो, लसीकरणाच्या दिवशी असो की सप्टेंबरातल्या पोषण महिन्यात, एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मातांनो, लेकरांच्या हातात मोबाईल देऊ नका.’ पुढचे वाक्यही ठरलेले असते : ‘द्यायचाच असेल तर चांगले ते निवडून दाखवा.’ बोलणारा बहुधा पुरुष असतो. समोर सतरंजीवर सगळ्या बायका असतात. त्यांच्या नवऱ्यांपैकी एकही तिथे नसतो. बायका माना खाली घालून ऐकतात, घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पोरासमोर पुन्हा मोबाईल लावतात. फरक एवढाच पडतो, की आता त्यांच्या डोक्यावर कामाच्या ओझ्यासोबत अपराधाचेही ओझे असते.

या उपदेशाविरुद्ध मला बोलायचे आहे. त्यातली माहिती खोटी आहे म्हणून नव्हे. माहिती खरीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढे बरे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास हाच आहे. त्यामागचे कारण आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. मूल बोलायला शिकते ते समोरच्या माणसाकडून. ते बोबडे काही बोलते, कुणीतरी हसून उत्तर देते, मग ते पुन्हा बोलते. पडदा उत्तर देत नाही. हे सगळे मान्य. माझा आक्षेप आरोपीच्या निवडीला आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये मंगरूळपीर, मानोरा, रिसोड, कुठल्याही तालुक्यातल्या गावात सकाळी नऊनंतर जाऊन पाहा. बाया निंदणाला गेलेल्या असतात. पुढे सोयाबीनची सोंगणी, मग तुरी. एका बाईने मला सांगितले, ‘ताई, वावरात न्यावं त सापा-इच्चूचं भेव. घरी ठेवावं त सासूले दिसत नाही. मोबाईल लावून देल्ला का पोरगं जाग्यावर बसते.’ या बाईला ‘चांगले निवडून दाखवा’ असे सांगणाऱ्याने आधी एवढे सांगावे : मूल कुणाजवळ ठेवायचे?

एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली. अंगणवाडीत बसून खेळायला-शिकायला मिळते ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, आणि तेही दिवसातले काही तास. त्याहून लहान मुलांना काय मिळते? वजन, लस आणि घरी न्यायचे आहाराचे पाकीट. म्हणजे सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत, मूल रांगते, चालते, बोलायला लागते त्या अडीच वर्षांत, त्याला दिवसभर सांभाळणारी कोणतीच व्यवस्था आमच्या गावात नाही. तज्ज्ञ म्हणतात दोन वर्षांपर्यंत पडदा नको. व्यवस्था म्हणते तीन वर्षांपर्यंत मूल आमच्याकडे नको. या दोन ‘नको’च्या मधल्या जागेत जे उरते त्याचे नाव मोबाईल. ते गरिबाघरचे पाळणाघर आहे. वाईट पाळणाघर आहे, पण दुसरे कुणी दिलेले नाही.

कायद्यात पाळणाघरे नाहीत असे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. आमच्या वावरात पन्नास बायका एका मालकाकडे कधी असतात? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर एका बाईला त्यांच्या सांभाळासाठी नेमण्याची तरतूद होती. त्या कामावर गेलेल्या बायकांना विचारा, ही बाई किती जणींनी पाहिली? २०२२ पासून मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. देशभरात १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरांचे उद्दिष्ट कागदावर आहे. आणि वाशीम २०१८ पासून ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आहे. आमच्या मुलांची वजने मोजली जातात, उंची मोजली जाते. ते मूल दिवसाचे आठ तास कुणाच्या नजरेखाली असते, हे मात्र कुठल्याच रकान्यात भरले जात नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, हा शहरी मध्यमवर्गीय आयांचा प्रश्न. आपल्यापुढे मारहाण, हुंडा, जमिनीचे हक्क असताना कार्टूनवर कशाला वेळ घालवायचा? मला हे पटत नाही. मोबाईल तांड्यावरही आहे. ऊसतोडीला जाणारे कुटुंब भांड्यांच्या गाठोड्याबरोबर तोही नेते. आणि ज्या मारहाणीविरुद्ध आपण पंचवीस वर्षांच्या बाईसोबत उभ्या राहतो, तिचे पहिले धडे दोन वर्षांच्या वयात कुठे गिरवले जातात, हे आपण पाहायचे नाही का?

त्या पडद्यावर आहे काय? ‘छोटा भीम’ २००८ मध्ये आला. ढोलकपूर गावातला शूर मुलगा, संकट आले की लाडू खातो आणि जिंकतो. लाडू कुणाचे? टुनटुन मावशीचे. चुटकी ही तिची मुलगी. दुसरी मुलगी इंदुमती, ती राजकन्या. म्हणजे मुलगा लढणारा, एक मुलगी लाडवांच्या घरातली आणि एक महालातली. २०१२ मध्ये आलेल्या ‘मोटू पतलू’ची गंमत याहून मोठी. मोटू, पतलू, डॉ. झटका, घसीटाराम, इन्स्पेक्टर चिंगम, जॉन : मुख्य मंडळींत एकही बाई नाही. अख्खे गाव बायकांशिवाय चालते! शिवाय पडणे, आपटणे, बदडणे हाच विनोद. यातले काहीच दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी केलेले नाही, पण आमच्याकडे तेच सर्वात लहान मुलापुढे चालू असते. आणि घरात एकच टीव्ही असेल तर ते मूल संध्याकाळच्या मालिकाही पाहते. कटकारस्थान करणारी सून, रडणारी सून, थोबाडीत मारणारा नवरा. त्या मालिका मोठ्यांसाठी असतात हे मांडीवरच्या बाळाला कोण सांगणार?

आता याच्याशेजारी शाळेचे पुस्तक ठेवा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात चित्रे बदलली. आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले. स्त्री चळवळीने पाठ्यपुस्तकांतल्या साचेबंद प्रतिमांविरुद्ध जे वर्षानुवर्षे सांगितले, त्याचेच ते थोडेसे फळ होते. पण ते चित्र मुलीसमोर येते सातव्या वर्षी. तोपर्यंत तिने पाच वर्षे दुसरे चित्र पाहिलेले असते. पुस्तकाला समिती असते, हरकत घेता येते. मोबाईलवर एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते, त्याला ना समिती ना हरकत.

चांगले करताच येत नाही असेही नाही. विजया मुळे या मराठी बाईने १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ हा छोटा चित्रपट केला. तो अवघा काही मिनिटांचा आहे, त्यात एक ताई लहान भावंडांना चिमण्यांची गोष्ट सांगते, आणि कुणी कुणाला मारत नाही. १९९० च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ‘मीना’ आणली, तिला रूप दिले मुंबईच्या राम मोहन यांनी. त्यातल्या एका गोष्टीत भावाला आंब्याचा मोठा वाटा मिळतो. मग मीना आणि राजू एक दिवस एकमेकांची कामे करतात आणि राजूला कळते की बहिणीचे काम किती आणि ताटात पडते किती. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘गली गली सिम सिम’मध्ये शाळेच्या गणवेशातली चमकी प्रश्न विचारत हिंडायची. माझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. मीनाची सगळी गोष्ट तिला कळत नाही, पण आंब्याची मोठी फोड कुणाला मिळाली ते बरोबर कळते, आणि ती ओरडते.

भाषेचा मुद्दाही सोडू नका. वाशीमच्या घरात वऱ्हाडी बोलतात, तांड्यावर बंजारा बोली. पडदा बोलतो हिंदी नाहीतर इंग्रजी. पोर कार्टूनची हिंदी बोलू लागले की घरचे कौतुक करतात. पण आजीने सांगितलेली गोष्ट त्याला कळेनाशी झाली, तर आजीचे काम संपले असे आपण मान्य करायचे का?

आणि निवड करायची म्हणजे काय करायचे? आधी स्वतः पाहायचे. मग मुलाशेजारी बसायचे, दाखवलेल्या गाईला ‘गाय’ म्हणायचे, प्रश्नाला उत्तर द्यायचे, वेळ झाली की बंद करायचे, रडणे सोसायचे. हे काम आहे, आणि कामाला वेळ लागतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. ही ८८ सुद्धा घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. जे काडीला हात लावत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. ज्या बाईच्या २८९ मिनिटांवर वावरातली मजुरी चढते, तिलाच शेजारी बसायला सांगणे म्हणजे फुकट श्रमात आणखी एक तास वाढवणे. उपदेश फुकट असतो, राबणे बाईचे असते.

आमच्या घरी मी आणि नवऱ्याने पाळ्या लावल्या आहेत. ज्याची पाळी त्याने निवडायचे आणि त्यानेच शेजारी बसायचे. पण दोन पगार आणि ठरलेली सुट्टी असलेल्या घराचा हा तोडगा मी वावरात राबणाऱ्या बाईला शिकवणार नाही. तिच्यासाठी मागणी लागते.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, ग्रामसभेत पाळणाघराचा ठराव. योजना कागदावर आहे, ती आपल्या गावात मागून घ्यायची. अंगणवाडी ताईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून नव्हे, तर तिथे वेगळी बाई आणि तिला पुरेसे मानधन मागून. ही मागणी नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीतल्या बांधकामावर मजूर बायांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले. बांधकामावर जमते ते वावराच्या बांधावर का जमू नये? दुसरी, पालकसभेला बापांना बोलवा. बाप आला नाही तर त्या दिवशी मोबाईलवर भाषण नको. तिसरी, गटाच्या बैठकीत एकत्र बसून मुलांचे कार्यक्रम पाहा. त्यात बाई काय करते, कुणाला मार बसतो, कोणत्या रंगाच्या नि अंगाच्या माणसाला हसतात, भाषा कुणाची, हे विचारा आणि जे चालण्यासारखे आहे त्याची यादी गावात फिरवा. एकटीने निवडणे ओझे असते, दहा जणींनी मिळून निवडले की ते काम हलके होते आणि त्याला आवाजही येतो.

आणि पुढच्या कार्यक्रमात कुणी माइकवरून ‘मातांनो’ म्हणाले, की सतरंजीवरून एकीने तरी उठून विचारावे : साहेब, पाळणाघर कधी उघडता?