वासयोग्य म्हणजे वसलेलें नव्हे

२०२५ च्या एप्रिल महिन्यांत, सोलापूरचें ऊन चढणीला लागलें असतां, एका सकाळीं आमचे शेजारी वर्तमानपत्र हातांत घेऊन लगबगीनें आमच्या दारीं आले. ‘प्रोफेसरसाहेब, अखेर सांपडले!’ कोण सांपडले, असें आम्हीं विचारलें. ‘परग्रहावरचे!’ मथळ्याचा आशय खरोखरच तसा होता. आंतला मजकूर मात्र तसा नव्हता. आंत ‘शक्यता’ होती, ‘संकेत’ होते, ‘कदाचित्’ होतें. पण हे सारे विनयशील शब्द मथळ्याच्या उंबऱ्यावरच अडविले गेले होते. आमचे शेजारी बँकेंतून निवृत्त झालेले सुशिक्षित गृहस्थ. त्यांनीं ती बातमी घडलेली गोष्ट म्हणून नातवंडांना सांगितली. आमचें भांडण त्यांच्याशीं नाहीं. ज्यांनीं ती त्यांना तशी सांगितली त्यांच्याशीं आहे. आणि त्यांत, पुढें दिसेल त्याप्रमाणें, आम्ही स्वतःहि आलों.

मूळ हकीकत अशी. सिंह राशींतील एका लहान तांबड्या ताऱ्याभोंवतीं, आपल्यापासून सुमारें १२४ प्रकाशवर्षांवर, ‘केटू-१८ बी’ नांवाचा ग्रह सुमारें ३३ दिवसांत एक फेरा करतो. तो पृथ्वीच्या अडीचपटींहून रुंद आणि आठपटींहून जड आहे. केंब्रिज येथील निक्कू मधुसूदन (हे वाराणसींत शिकलेले, आपल्याच देशाचे) आणि त्यांचे सहकारी यांनीं, ग्रह ताऱ्यासमोरून जात असतां त्याच्या वायुमंडलांतून गाळून येणारा प्रकाश जेम्स वेब दुर्बिणीनें तपासला. २०२३ सालीं त्यांना त्यांत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. २०२५ सालीं डायमिथिल सल्फाइडची किंवा त्याच्या एका भावंडाची खूण दिसते, असें त्यांनीं जाहीर केलें. पृथ्वीवर हा वायु मुख्यतः समुद्रांतल्या सूक्ष्म जीवांपासून होतो. म्हणून हा सारा गलबला. ही खूण निव्वळ योगायोगानें दिसण्याचा संभव हजारांत तीन. सट्टेबाजारांत हें प्रमाण उत्तम ठरेल. शास्त्रांत ‘शोध’ म्हणवून घेण्यास तो दहा लाखांत एकाहूनहि कमी असावा लागतो, आणि हें खुद्द त्या मंडळींनींच सांगितलें होतें. पुढें इतर अभ्यासकांनीं तींच निरीक्षणें तपासलीं, तेव्हां खुणेचा पुरावा पुरेसा ठरेना. हाच वायु एका धूमकेतूंतहि आढळलेला आहे, आणि धूमकेतूवर कोणी राहतें असें अजून कोणीं म्हटलेलें नाहीं. तो ग्रह समुद्रानें झांकलेला आहे कीं नेपच्यूनसारखा वायूंत गुरफटलेला, हेंच मुळीं वादांत आहे.

आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों. ज्योतिःशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु येथें घोटाळा ताऱ्यांचा नसून शब्दाचा आहे, आणि शब्दांविषयीं बोलण्याचा अधिकार आम्ही सोडणार नाहीं. ताऱ्याभोंवतींच्या ज्या पट्ट्यास ‘वासयोग्य’ म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच कीं, तेथें एकादा खडकाळ ग्रह असेल आणि त्यावर बेताचें वायुमंडल असेल, तर त्याच्या पृष्ठभागावर पाणी पाण्याच्या रूपांत टिकूं शकेल. त्यांत हवेचा दाखला नाहीं, पाण्याचा नाहीं, जीवाचा तर मुळींच नाहीं. आपला चंद्र सूर्यापासून जवळजवळ पृथ्वीइतक्याच अंतरावर, म्हणजे ऐन वासयोग्य पट्ट्यांत, फिरतो. २०२३ च्या २३ ऑगस्टला आपलें चांद्रयान तेथें उतरलें. स्वागताला कोणी आलें नाहीं. उलट शनीचा उपग्रह एन्सेलॅडस या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर असूनहि बर्फाच्या कवचाखालीं पाणी बाळगून आहे. ज्या शब्दांत चंद्र बसतो आणि एन्सेलॅडस बसत नाहीं, त्या शब्दाला मान तरी किती द्यावा? (वैशाखांतल्या दुपारीं दोन वाजतां तो खुद्द सोलापूरला लावावा कीं नाहीं, हा निराळा प्रश्न.)

आमच्या जिल्ह्यांतला शेतकरी असा घोटाळा करणार नाहीं. मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारांत रब्बीची ज्वारी बहुतांशीं पावसाळ्याच्या साठलेल्या ओलीवर येते. हस्ताचा पाऊस झाला कीं शेतकरी माती मुठींत दाबून पाहतो आणि म्हणतो, ‘ओल चांगली आहे.’ ‘ज्वारी चांगली आहे’ असें तो त्या दिवशीं म्हणत नाहीं, कारण अजून बी पेरावयाचें आहे. ओल ही अट. पेरणी ही घटना. पृथ्वीवर निर्जीव द्रव्यांतून पहिला जीव कसा झाला, हें आजवर कोणत्याहि प्रयोगशाळेस करून दाखवितां आलेलें नाहीं. म्हणजे बियाणें कोठून आलें हें आपणांस आपल्याच शेताविषयीं ठाऊक नाहीं, आणि आपण १२४ प्रकाशवर्षांपलीकडच्या शेतांतलीं कणसें मोजावयास बसलों आहों!

शब्दानें ग्रह वसविण्याचा हा प्रकार नवा नव्हे. १८७७ सालीं स्कियापारेल्ली या इटालियन ज्योतिर्विदानें मंगळावर कांहीं रेषा पाहिल्या आणि त्यांना आपल्या भाषेंत ‘कानाली’ म्हटलें. त्या भाषेंत हा शब्द निसर्गानें पाडलेल्या चरांनाहि चालतो. इंग्रजींत येतांना त्याचे ‘कालवे’ झाले. आणि कालवे आले म्हणजे ते खोदणारे आलेच. अमेरिकेंत पर्सिव्हल लॉवेल यानें त्या खोदणाऱ्यांच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिले, वेधशाळा बांधली. १९६५ सालीं मॅरिनर यानानें जवळून छायाचित्रें पाठविलीं, त्यांत कालवे नव्हते, विवरें होतीं. २०१६ सालीं त्याच स्कियापारेल्लीच्या नांवाचें एक युरोपीय यान मंगळावर उतरूं पाहत होतें, तेव्हां त्याचा क्षीण संदेश आपल्या नारायणगांवाजवळच्या खोडद येथील महादुर्बिणीनें टिपला होता. तो मधेंच थांबला, आणि यान आदळून नष्ट झालें. मंगळाकडून येणारा खरा आवाज ऐकणें किती कष्टाचें असतें, हें खोडदच्या मंडळींना विचारावें.

आतां संख्येचा युक्तिवाद. १९९५ सालीं मेयर आणि केलोझ यांनीं सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतींचा पहिला परग्रह शोधला; २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत अशा ग्रहांची नोंद सहा हजारांवर गेली. मग विचारतात, ‘एवढ्या विश्वांत आपण एकटेच कसे?’ प्रश्न मोठा गोड आहे, पण प्रश्न हा पुरावा नव्हे. ग्रहांची संख्या प्रचंड आहे, मान्य. तिला जीव उद्भवण्याच्या संभवानें गुणावयाचें आहे, आणि तो संभव कोणासहि माहीत नाहीं. तो इतका सूक्ष्म असूं शकेल कीं गुणाकार एकावरच येऊन थांबावा. ‘पृथ्वीवर जीव झाला ना?’ हेंहि उत्तर नव्हे. जेथें तो झाला नाहीं तेथें हा प्रश्न विचारावयास कोणी उरतच नाहीं. आणि आपल्या पुराणांतल्या चौदा भुवनांचा दाखला देणाऱ्यांना आमची एवढीच विनंती कीं, त्यांनीं पुराणें पुराणांसारखीं वाचावीं. त्यांत रस पुष्कळ आहे.

आतां आमचा स्वतःचा कबुलीजबाब. २००९ सालीं ‘इस्रो’नें जाहीर केलें कीं, हैदराबादहून २००५ च्या एप्रिलांत सोडलेल्या फुग्यानें २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्यांत भरून आणली, आणि तींत तीन नव्या जातींचे सूक्ष्मजंतु मिळाले. आम्हांस इतकें भरतें आलें कीं, दुसऱ्याच दिवशीं वर्गांत आम्हीं सांगून टाकलें, ‘आकाशांतून जीव आले!’ या प्रयोगाचे सूत्रधार होते जयंत नारळीकर. ज्यांच्यापाशीं ते शिकले त्या फ्रेड हॉइलचें मत जीव अंतराळांतून येतात असें होतें. एका जंतूला हॉइलचेंच नांव दिलें गेलें, दुसऱ्याला आर्यभटाचें, तिसऱ्याला इस्रोचें. मोह पडावयाचा तर याहून अधिक कोणास पडणार? परंतु निवेदनांत स्वच्छ म्हटलें होतें कीं, हे जंतु पृथ्वीबाहेरचे आहेत असें यावरून निश्चित सिद्ध होत नाहीं. पुढील शोधास मात्र उत्तेजन मिळतें. त्या निवेदनाचें तेवढें वाक्य आम्हीं वाचलेंच नव्हतें. पुढें कृषिशास्त्र शिकावयास गेलेला आमचा एक जुना विद्यार्थी भेटला आणि संकोचत म्हणाला, ‘सर, तुमचा आर्यभटाच्या नांवाचा जंतु आमच्या शेतांत आहे.’ मध्य भारतांतल्या काळ्या मातींत, सोयाबीन आणि गव्हाच्या पिकाला जस्त मिळवून देण्यास, याच जातीचे जंतु उपयोगीं पडतात असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें होतें. एवढ्यानें आकाशाचा प्रश्न निकालांत निघत नाहीं. पण जो जीव आम्हीं वर्गांत आकाशांतून उतरविला, त्याचे भाऊबंद आमच्या पायाखालच्या मातीच्या जातींत नांदत होते, हें आम्हांस लागलें.

कोणी म्हणेल, मुलांच्या डोळ्यांतलें कुतूहल विझवून तुम्हांस काय मिळणार? आम्हांस तें विझवावयाचें नाहीं. परग्रहावर जीव नाहींतच, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणावयालाहि पुरावा नाहीं. नारळीकरांनीं ‘प्रेषित’सारख्या कादंबरींत कल्पनेला मोकळें सोडलें, आणि प्रयोगाच्या निवेदनांत तिला दाराबाहेर उभें केलें, दोन्ही ठिकाणीं माणूस एकच होता. हा विवेक ज्यांस नको असतो, ते कुतूहलाचे मित्र नव्हेत. आमच्या शेजाऱ्यांचेंच पाहा. कांहीं महिन्यांनीं त्यांच्या वाचनांत आलें कीं, ती खूण टिकली नाहीं. ‘या शास्त्रज्ञांचें काय खरें, रोज एक सांगतात!’ असें ते म्हणाले. आणि त्याच दमांत, धाकट्या नातीला डॉक्टरांनीं सांगितलेल्या लसीविषयींहि तसेंच बोलले. शास्त्रज्ञांनीं जें कधीं म्हटलेंच नव्हतें, त्याचा दोष शास्त्राच्या पदरीं पडला. आणि तो उद्यां त्या मुलीच्या दंडापर्यंत पोंचूं पाहतो. मथळा लिहिणाऱ्यास हें दिसत नाहीं.

आमची सूचना साधी आहे. मराठी संपादकांनीं ‘वासयोग्य पट्टा’ हे शब्द सोडून ‘ओलीचा पट्टा’ म्हणावें. सोलापूरच्या कोणत्याहि वाचकास त्याचा अर्थ विचारावा लागणार नाहीं. यंदा आमच्या वर्गांत या विषयावर निबंध आले, त्यांतल्या तिघांत ‘सांपडली’ हें क्रियापद होतें. त्याखालीं आम्हीं लाल रेघ ओढली. त्यांतली एक विद्यार्थिनी वही घेऊन परत आली आणि जरा रागानेंच म्हणाली, ‘सर, मग ‘असेल’ असें लिहूं कां?’ लिही, आम्ही म्हणालों. आणि त्याच्यापुढें ‘कारण’ लिहून पाहा. ती अजून आलेली नाहीं.