धुराची चव

पोलोग्राउंडात आता घोडे दिसत नाहीत. नावात पोलो तेवढा उरला आहे आणि भोवती कारखान्यांची छपरे. अशाच एका लहानशा कारखान्याच्या माडीवर, गेल्या दिवाळीच्या सुटीत, माझ्या भाच्याने ग्लासगोहून आणलेली बाटली उघडली. "मामा, नुसता वास तरी घेऊन पाहा," तो म्हणाला. मद्याशी माझा परिचय एम. ए.ला अभ्यासलेल्या 'एकच प्याला'पुरताच; शिवाय दर २ ऑक्टोबरला मुलांना व्यसनमुक्तीची शपथ देणारा मी मुख्याध्यापक! तरीही पेला नाकाशी नेला, आणि दचकलो. हा तर सरकारी दवाखान्याचा वास! टिंक्चर आयोडीन, कार्बोलिक साबण, आणि त्यामागून ओल्या गोवऱ्यांचा धूर.

बाटली लाफ्रॉइगची, कारखाना १८१५ सालचा. ज्या बेटावर तो आहे त्याचा उच्चार 'आयला' असा आहे. (वर्गात कोणी हा शब्द काढला असता तर मीच दटावले असते.) त्या बेटावर झाडे विरळ. म्हणून तेथील लोक दलदलीत अर्धवट कुजून दबलेले शेवाळ, म्हणजे पीट, विटांसारखे कापून वाळवीत व चुलीत जाळीत. आपल्याकडे गोवऱ्या, तसे. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारा हा थर! मोड आलेले जव त्याच्या धुरावर सुकवले की धुरातील फिनॉल दाण्यात मुरते. पुढे ऊर्ध्वपातन होते आणि ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे मुक्काम. तरीही तो वास जात नाही.

चार थेंब पाणी घालून घोट घेतला. प्रथम राख, मग मीठ, आणि घसा भाजून गेल्यावर कोठून तरी गोडवा.

त्या गोडव्यापाशी मला आई आठवली. पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या फुंकताना लाल झालेले तिचे डोळे, आणि पुढे जडलेला दमा. डॉक्टरांनी चुलीकडेच बोट दाखविले होते. १९८४ साली घरात गॅस आला, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. आणि त्याच धुरासाठी माणसे हजारो रुपये मोजतात! मी हे बोलून दाखविले. भाचा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, आजीच्या पदराला हाच वास यायचा, नाही?"

मी पेला खाली ठेवला नाही. येत्या २ ऑक्टोबरला शपथ मात्र हिंदीच्या शिक्षकांनी द्यावी, असे त्यांना सुचविले आहे.

रात्री घरी परतलो तेव्हा सौभाग्यवतींनी दारातच विचारले, "अहो, कोणाच्या चुलीपाशी बसला होता?"

"आईच्या," मी म्हणालो.