जोडीदाराला काटकसर कशी शिकवायची? आधी आपली वही उघडा



'काटकसरीचे महत्त्व' हा निबंध आपण वर्गात आजवर किती वेळा लिहून घेतला असेल! फळ्यावर 'थेंबे थेंबे तळे साचे' आणि 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या दोन म्हणी लिहायच्या, मुलांनी पंधरा ओळी लिहायच्या आणि आपण खाली लाल शाईने 'छान' असा शेरा द्यायचा. ऑक्टोबरच्या शेवटी जागतिक काटकसर दिन येतो. १९२४ साली इटलीतील मिलान शहरात बचत बँकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे हा दिवस ठरला. जगात तो ३१ ऑक्टोबरला आणि आपल्याकडे ३० ऑक्टोबरला पाळतात. परिपाठात आपण ही माहितीही सांगतो.

वर्गात हे सगळं सोपं असतं. अवघड असतं ते घरी, कारण तिथे समोर विद्यार्थी नसतो, जोडीदार असतो. 'सर, आमच्या घरात पैसा टिकतच नाही, मिसेसला जरा समजावा', 'मॅडम, यांच्या हाताला भोक आहे', अशा तक्रारी पालकसभेनंतर बऱ्याचदा कानावर येतात. आज त्याबद्दलच लिहितो आहे. सुरुवात मात्र माझ्याच घरापासून करायला हवी.

मी केलेली चूक

काही वर्षांपूर्वी घराच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि माझ्यातला शिक्षक घरीही जागा झाला. स्विचबोर्डावर 'दिवा बंद करा' अशी चिठ्ठी चिकटवली. तेलाची पिशवी किती दिवस पुरली ते कॅलेंडरवर लिहू लागलो. बायको भाजी घेऊन आली की पिशवी उघडायच्या आधी माझा प्रश्न तयार, "केवढ्याला आणलीस?" बाथरूमचा दिवा चालू राहिला तर मुलीसमोर बोलायचो, "पैसे काय झाडाला लागतात का?" मला वाटायचं, मी घराला वळण लावतोय.

घरात खरोखर फरक पडला, पण तो भलताच. हळूहळू तिने मला काही सांगणंच बंद केलं. माहेरी जाताना नेलेल्या साडीची किंमत कमी सांगू लागली. मग एके दिवशी तिचा गाल सुजलेला दिसला. दाढ चार महिन्यांपासून ठणकत होती आणि ती लवंग धरून दिवस काढत होती. मी चिडून विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हीच म्हणता ना, या महिन्यात नवा खर्च नको."

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असता तर दात भरून भागलं असतं, आता रूट कॅनॉल करून वर कॅप बसवावी लागेल. जिथे हजाराच्या आत काम झालं असतं तिथे कितीतरी पट पैसे गेले. पैशांचं एवढं वाटलं नाही. चार महिने माझ्या शेजारी बसून जेवणारं माणूस एकाच बाजूने घास चावत होतं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही, याची मात्र लाज वाटली. तेलाची पिशवी किती दिवस पुरली हे मी रोज बघत होतो!

वहीतली पहिली ओळ

त्या रविवारी तिने एक दोनशे पानी वही काढली. "हिशेबच करायचा ना, मग सगळ्यांचा करू. तुमच्यापासून." मी हसून बसलो, पण थोड्याच वेळात हसू मावळलं. शाळेजवळच्या टपरीवर दिवसाला तीन चहा, दहा रुपयांप्रमाणे तीस रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७५० आणि वर्षाचे ९,०००! जुना मोबाईल चांगला चालत असताना हप्त्यावर घेतलेला नवा मोबाईल. चौकातून दूध आणायलाही काढलेली गाडी. यातला एकही खर्च मी कधी 'खर्च' म्हणून मोजलाच नव्हता.

मग तिची बाजू लिहायला घेतली. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधाची साय साठवून घरचं तूप, जुन्या साड्यांची गोधडी, मुलीच्या फ्रॉकची आधीच सोडून ठेवलेली शिवण. हे सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं, पण त्याची पावती नसते म्हणून ते माझ्या हिशेबात कधी आलं नव्हतं. जिला मी काटकसर शिकवायला निघालो होतो, ती माझ्या दोन पावलं पुढे होती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जोडीदाराला काटकसर शिकवता येत नाही. ती दोघांनी एका वहीत मांडावी लागते आणि वहीतली पहिली ओळ स्वतःच्या खर्चाची असावी लागते. हे बायकांनाही तेवढंच लागू आहे. नवरा उधळ्या आहे असं वाटत असेल तर त्याच्या खर्चाची यादी करायच्या आधी आपली यादी त्याच्यापुढे ठेवून बघा. माणूस आरोप ऐकला की बचाव करतो, समोरच्याचा प्रामाणिक हिशेब बघितला की आपलाही काढतो.

भांडण दिव्यावरून, पैसे गिझरमध्ये

आपली बहुतेक भांडणं चुकीच्या आकड्यांवर चालतात. हे मला वर्गात मुलांना वीजबिल समजावताना कळलं. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट वीज खर्च होते. ९ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला सुमारे १११ तास घेतो. २००० वॅटचा गिझर पाणी तापवत असताना तेवढीच वीज अर्ध्या तासात खातो. ज्या दिव्यावरून मी घर डोक्यावर घेत होतो, तो रात्रभर राहिला तरी युनिटचा दहावा भाग होत नव्हता. आणि गिझर चालू करून वर्तमानपत्र वाचत बसायची सवय कोणाची? माझीच.

पंख्याचंही तसंच. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट होतात. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा त्याच कामाला ११ युनिटच्या आतच घेतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. पहिल्या १०० युनिटना कमी दर, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटना बराच जास्त, आणि पुढे आणखी चढे. त्यामुळे वाचलेलं युनिट हे नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. बिलाची मागची बाजू दोघांनी एकदा मिळून वाचली की कोणाला काही सांगावं लागत नाही.

दिवा बंद करू नये असं मी म्हणत नाही. सवय चांगलीच आहे. पण नऊ वॅटसाठी घरातल्या माणसाचा अपमान करू नये.

आम्ही पाळलेल्या काही गोष्टी

१) वेळ ठरवा. पगार झाला की पहिल्या रविवारी, सकाळच्या चहानंतर अर्धा तास. बिल हातात पडल्याच्या क्षणी हा विषय काढायचा नाही, आणि सासू-सासरे, पाहुणे किंवा मुलांसमोर तर मुळीच नाही. वर्गात एखाद्या मुलाची चूक आपण सगळ्यांसमोर काढत नाही ना? मग घरी का काढतो?

२) कशासाठी ते आधी ठरवा. 'खर्च कमी कर' यात काहीच हाती लागत नाही. 'दोन वर्षांत मुलीच्या अकरावीसाठी इतके जमवू' असं म्हटलं की दोघंही एका बाजूला येतात. आम्ही पोस्टात आवर्ती ठेव उघडली. ज्यांच्या शाळेत पूर्वी संचयिका होती त्यांना ते सुख आठवत असेल, पासबुकावर चढत जाणारे आकडे बघण्याचं!

३) मोठे खर्च आधी. कर्जाचे हप्ते, पेट्रोल, बाहेरचं खाणं, सणासुदीची खरेदी, लग्नातले आहेर. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस सगळ्यात शेवटी.

४) दोघांनाही बिनहिशेबी पैसे. आम्ही प्रत्येकी ५०० रुपये ठेवतो. तिने गजरा घ्यावा नाहीतर भिशीत घालावेत, मी टपरीवर जावं. विचारायचं नाही. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण लपवाछपवी यानेच थांबली.

५) जिथे काटकसर करायची नाही ती यादीही लिहा. औषधपाणी, दात, डोळे, मुलांचं दूध-फळं, पुस्तकं आणि वयस्कर आईवडिलांना भेटायला जाणं. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर हीच यादी आहे.

आणि जोडीदार ऐकतच नसेल तर?

हा प्रश्न खरा आहे. सगळे वाद वहीने मिटत नाहीत. क्रेडिट कार्डावर उधारी चढत असेल आणि दर महिन्याला फक्त 'किमान देय रक्कम' भरली जात असेल, तर गोडीगुलाबीत वेळ घालवू नका. अनेक कार्डांवर उरलेल्या रकमेला महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा, आवाज न चढवता. नवी खरेदी थांबवून आधी ती उधारी फेडायचं दोघांनी ठरवा. आणि पैसे दारूत किंवा जुगारात जात असतील तर तो काटकसरीचा प्रश्नच नाही. तिथे समुपदेशक, डॉक्टर, घरातली जाणती माणसं यांची मदत घ्यावी लागते. अशा घरातल्या बाईला 'जरा जपून खर्च कर' असं सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मुलं बघत असतात

शेवटी आपल्या कामाचं बोलतो. मुलं काटकसरीचा निबंध आपल्याकडून शिकतात, पण पैशाशी कसं वागायचं ते स्वयंपाकघरातल्या संभाषणातून शिकतात. बाबा आईला हिशेब विचारतात आणि आई घाबरून उत्तर देते, हे बघणारी मुलगी काटकसर शिकत नाही, भीती शिकते. मुलगा काय शिकतो ते सांगायला नको. याउलट आईबाबा शेजारी बसून वही लिहितात, एकमेकांच्या चुकीवर हसतात, हे पाहिलं तर त्यांना वेगळा धडा द्यावा लागत नाही.

पालकांनी एक करून बघावं. सात दिवस रोज ठरलेल्या वेळी मुलाला मीटरचं वाचन लिहायला सांगा. आजच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करून रोजचा वापर त्यालाच काढू द्या. रविवारी तिघांनी बसून तो तक्ता बघा. गणित होतं, विज्ञान होतं आणि कोणी कोणाला बोल लावत नाही, कारण मीटर कोणाची बाजू घेत नाही.

आमच्या घरी स्विचबोर्डावरची चिठ्ठी केव्हाच निघाली. तिच्या डिंकाचा डाग अजून आहे, तो मी मुद्दाम पुसला नाही. गिझरचं बटण बंद केलं की माझं लक्ष तिकडे जातं. परवा मुलीनेच विचारलं, "बाबा, इथे काय चिकटवलं होतं?" मी म्हटलं, "माझी एक चूक." बायको आतून म्हणाली, "लिहा वहीत, जमेच्या बाजूला!"