मुलांचे खेळ आणि दौऱ्यांचा सोस

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊ लागली की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांतील खाजगी क्रिकेट अकादम्या परगावच्या स्पर्धांसाठी संघ बांधण्याची तजवीज करतात, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाची निवड झाल्याची वार्ता, प्रवास, निवास, गणवेश व प्रवेशशुल्क यांच्या हिशेबासह, त्याच्या घरी येऊन थडकते. अशा वेळी आईवडिलांना आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. परंतु त्या आनंदाच्या भरात, ज्या मंडळाच्या मैदानावर तो मुलगा नाममात्र वर्गणी देऊन रोज सायंकाळी मनसोक्त खेळत होता ते मंडळ सोडण्याचा निर्णय चार दिवसांत घेतला जातो. माझे मत असे आहे की बारा-तेरा वर्षांचे वय होईपर्यंत मुलाने घराजवळच्या मैदानावरच खेळावे.

हे मत स्पर्धेच्या विरोधातले नाही. मुंबईचे क्रिकेट शालेय स्पर्धांवरच पोसले गेले. मात्र त्यांतली गाइल्स ढाल चौदा वर्षांखालील मुलांची आणि हॅरिस ढाल सोळा वर्षांखालील, संघ शाळांचे आणि मैदाने शहरातली, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९८८ च्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेकडून ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ती याच हॅरिस ढाल स्पर्धेत आणि आझाद मैदानावर.

तेंडुलकरांचे नाव दौऱ्यांचे समर्थन करताना हटकून घेतले जाते, म्हणून त्यांच्या बाळपणाचा तपशील नीट पाहणे अगत्याचे आहे. वांद्र्याच्या साहित्य सहवास वसाहतीत सवंगड्यांबरोबर खेळून झाल्यावर, वयाच्या अकराव्या वर्षी, थोरले बंधू अजित यांनी त्यांना शिवाजी पार्कवर प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्याकडे नेले. आणि पुढे वांद्रे ते दादर ही रोजची ये-जा मुलाला थकवते असे दिसून आल्यावर घरच्यांनी त्यांची राहण्याची व्यवस्था शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे केली. आचरेकर आपल्या स्कूटरवरून त्यांना एका सामन्यातून दुसऱ्या सामन्याला नेत असत, ते खेळपट्टीवर अधिकाधिक वेळ मिळावा म्हणून. ज्या मुलाच्या गुणांविषयी कोणालाच शंका नव्हती, त्याच्यासाठीही वडीलधाऱ्यांनी अंतर कमी करण्याचाच मार्ग पत्करला, याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

दौऱ्यावर गेलेल्या मुलाला प्रत्यक्ष खेळायला किती मिळते, हा प्रश्न पालक क्वचितच विचारतात. पंधरा जणांच्या संघात चार मुले सीमारेषेबाहेर बसतात; आठव्या क्रमांकाच्या फलंदाजाची पाळी येते तेव्हा दोन षटके उरलेली असतात; आणि सामना जिंकण्याचे दडपण प्रशिक्षकावर असल्यामुळे तो चेंडू नेहमीच्याच तिघा-चौघांच्या हाती देतो. आणि हे तिघे-चौघे कोण असतात? बहुधा ते, ज्यांची उंची आणि ताकद सोबत्यांच्या मानाने वर्ष-दीड वर्ष आधी वाढली आहे, किंवा ज्यांची जन्मतारीख वयोगटाच्या मुदतीला लागूनच असल्यामुळे जे संघात वयाने सर्वांत मोठे ठरतात. दहाव्या वर्षीची निवड पुष्कळदा गुणांची नसून वाढीच्या वेगाची असते. पण नाकारल्या गेलेल्या मुलाला हे कोणी सांगत नाही, आणि आपल्यात काही नाही अशी खूणगाठ बांधून तो खेळच सोडतो, ही मला यातली सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. मंडळाच्या मैदानावर तोच मुलगा रोज फलंदाजी करतो, यष्टी राखतो, कधी फिरकी टाकून पाहतो, आणि चौदाव्या वर्षी त्याची उंची वाढते तेव्हा हे सारे कौशल्य त्याच्या अंगी आधीच मुरलेले असते.

नॉर्वे या देशाने या विषयाचा विचार कायदेशीर काटेकोरपणाने केला आहे. तेथील क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळासंबंधी नियम केले आणि २००७ साली त्यांत सुधारणा केली. त्या नियमांप्रमाणे लहान मुलांच्या स्पर्धा स्थानिकच असतात, नवव्या वर्षापासून विभागापुरते जाता येते, अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते व क्रमवारी लावली जात नाही, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्या वर्षाआधी नाही. सुमारे ५४ लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके मिळवली. त्यात तेथील हिमाचा आणि परंपरेचा वाटा मोठा आहे हे मान्य करूनही, मुलांना उशिरा स्पर्धेत उतरवल्याने देश मागे पडतो ही भीती निराधार ठरते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे अशी शिफारस २०१६ साली केली आहे. वाढत्या हाडांवर तोच ताण बारमाही पडू नये हा तिच्या कारणांपैकी एक.

माझ्या मताला एक अपवाद मी आनंदाने करीन, आणि तो मुलींचा. पुष्कळ गावांत मुलींचा क्रिकेट संघ नसतोच. अशा ठिकाणी दहा वर्षांच्या मुलीला जोडीदारिणी मिळाव्यात म्हणून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नेणाऱ्या पालकांना हरकत घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसेच तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, जवळच्या मैदानावर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणून स्वतः दूर जाऊ मागत असेल, तर त्याने अवश्य जावे. मात्र ती मागणी त्याची आहे की वडिलांची, याची शहानिशा त्याला एकट्याला विचारून करावी.

परंतु घराजवळ मैदान राहिले तरच हा सल्ला पाळता येईल. मंडळे चालवणारे कार्यकर्ते नोकरी सांभाळून विनामोबदला राबतात, आणि मैदानाचे भाडे त्यांना परवडेनासे होत आहे. महापालिकांनी आपल्या अखत्यारीतील प्रत्येक मैदानावर सायंकाळचे दोन तास बारा वर्षांखालील मुलामुलींसाठी राखून ठेवावेत, त्या वेळेचे भाडे मंडळांना संपूर्ण माफ करावे, आणि त्या तासांत मैदान लग्नसमारंभाला किंवा प्रदर्शनाला देण्यास साफ मनाई करावी.