मृत्यूचे कारण नोंदले जाते, अखेरचे दिवस नाहीत



रुग्णालयात माणूस दगावला की डॉक्टर ‘नमुना ४’ भरतात. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार द्यायचे हे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र. तात्कालिक कारण काय, त्यामागचा आजार कोणता, यासाठी त्यात रकाने आहेत. शेवटच्या आठवड्यात त्या माणसाला वेदना किती होत्या, मॉर्फिन वेळेवर मिळाले का, त्याला घरी जायचे होते का, हे त्यात विचारलेले नाही. अशी माहिती गोळा करून जाहीर करण्याचे बंधनही रुग्णालयांवर नाही. बाळंतीण दगावली तर माता मृत्यू अन्वेषण होते, आणि ते व्हायलाच हवे. कर्करोगाने तळमळत गेलेल्या माणसाच्या अखेरच्या दिवसांची चौकशी मात्र कोणी करत नाही.

देशाचा क्रमांक तेवढा अधूनमधून छापून येतो. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ने २०१०मध्ये मृत्यूच्या गुणवत्तेचा निर्देशांक काढला, तेव्हा ४० देशांत भारत ४०वा होता, २०१५मध्ये ८० देशांत ६७वा. धोरण, मनुष्यबळ, खर्च अशा गोष्टींची बेरीज करून हा क्रमांक लागतो. खाटेवरच्या माणसाचे काय झाले, हे त्यातून कळत नाही. २०१०च्या त्याच अहवालात केरळचा अपवाद नोंदवला होता: लोकसंख्येत वाटा जेमतेम ३ टक्के, पण देशातल्या उपशामक सेवेपैकी, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेपैकी, दोन तृतीयांश तिथे. कोझिकोडपासून पसरलेले शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, स्वयंसेवकांचे जाळे आणि त्याला २००८मध्ये मिळालेली राज्याच्या धोरणाची जोड देशाच्या एका आकड्यात दिसेनाशी होते.

मग मोजायचे काय? इंग्लंडने याचे उत्तर किंमत मोजून शोधले. ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ ही मरणासन्न रुग्णांच्या सेवेची पद्धत १९९०च्या दशकाच्या अखेरीस हॉस्पिसमधले, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहांतले, चांगले रिवाज रुग्णालयात आणण्यासाठी तयार झाली. हेतू उत्तम होता. पुढे किती रुग्ण या पद्धतीवर ठेवायचे, याची उद्दिष्टे ठरली आणि ती गाठणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे मिळू लागले. तहानलेल्या रुग्णाला पाणी पाजू दिले नाही, त्याला या पद्धतीवर ठेवल्याचे घरच्यांना सांगितलेच नाही, अशा तक्रारी आल्या. २०१३मध्ये बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या समितीने ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली. नीट राबवली तिथे रुग्ण शांतपणे गेले, हेही समितीने मान्य केले. घोटाळा झाला तो रकाने भरले म्हणजे सेवा झाली, असे धरल्याने.

त्याच देशात ‘व्हॉइसेस’ नावाचे सर्वेक्षणही होत असे. माणूस गेल्यानंतर काही महिन्यांनी घरच्यांना प्रश्नावली जाई: वेदना आटोक्यात होत्या का, डॉक्टर-परिचारिका सन्मानाने वागल्या का, रुग्णाला हव्या त्या ठिकाणी मृत्यू आला का. अमेरिकेतल्या संशोधकांनी नोंदींतूनच काढता येणारे निकष सुचवले: अखेरच्या १४ दिवसांत केमोथेरपी दिली का, शेवटच्या महिन्यात आयसीयूत दाखल केले का, हॉस्पिसमध्ये पाठवले ते अवघे दोन-तीन दिवस उरले असताना का. एखाद्या रुग्णाबाबत ‘हो’ हे उत्तर योग्यही असेल. पण शेकडो रुग्णांत ते वारंवार येऊ लागले तर रुग्णालयाने विचार करायला हवा.

अशा मोजणीवर दोन आक्षेप येतील. पहिला, दुःखातल्या माणसाला छेडू नये. म्हणूनच काही महिने थांबायचे आणि उत्तर द्यायचे की नाही, हे त्याच्यावर सोडायचे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घरच्यांची साक्ष ही रुग्णाची साक्ष नव्हे. खरेच आहे. मुलाला ‘सगळे उपाय केले’ याचे समाधान असते, तेव्हा वडिलांना नळ्या नकोशा झालेल्या असू शकतात. त्यासाठी रुग्ण बोलू शकतो तोवर रोज ० ते १०च्या मापावर त्याची वेदना विचारून केसपेपरवर लिहावी आणि दोन्ही साक्षी शेजारी ठेवून वाचाव्यात.

रुग्णाला नको असलेले उपचार थांबवण्याबाबतचा कायदा दरम्यान पुढे सरकला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेतन अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११मध्ये निकाल आला; २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. त्या कागदातली इच्छा प्रत्यक्षात पाळली गेली का, हेही मोजायलाच हवे.

महाराष्ट्रात अशा मोजणीची सुरुवात करायला परका अनुभव लागणार नाही. देशातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६पासून वांद्र्यात आहे. टाटा रुग्णालयात उपशामक सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. या जाणकारांना बसवून आरोग्य विभागाने पाच-सहा प्रश्नांची मराठी प्रश्नावली करावी आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांपासून ती लागू करावी. घरी होणाऱ्या मृत्यूंसाठी आशा सेविकांची मदत घ्यावी, मात्र त्या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. निष्कर्ष दरवर्षी रुग्णालयनिहाय जाहीर व्हावेत. निदान पहिली काही वर्षे त्यांवर ना बक्षीस असावे, ना दंड.

— एक वाचक, ठाणे