एकच अस्सल चित्र

दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना मी गेली काही वर्षे एक प्रश्न विचारत आलो आहे. रक्तदाब मोजताना बोलू नये, म्हणून दंडावरचा पट्टा सोडेपर्यंत थांबतो आणि मग विचारतो, "जगातले कोणतेही एक चित्र, छापील प्रत नव्हे, चित्रकाराच्या हातचे अस्सल चित्र, आपल्या घरी कायमचे ठेवायला मिळाले, तर आपण कोणते निवडाल?" अटी तीनच. चित्र एकच निवडायचे. ते विकायचे नाही. आणि घरात कोणत्या भिंतीवर लावणार, तेही सांगायचे.

उत्तरे मोठी गमतीची मिळतात. एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मागितला आणि "पण डॉक्टर, तो भिंतीसकट आणावा लागेल," असे म्हणून स्वतःच हसले. एका आजींना नातवाने बालवाडीत काढलेला, सहा पायांचा हत्ती हवा होता. तोही अस्सलच, हे मला मान्य करावे लागले. काही जण मात्र म्हणतात, "आता कशाला चित्र आणि बित्र? आमचे काय राहिले आहे?" हे उत्तर आले की मी लेखणी खाली ठेवतो आणि आणखी चार प्रश्न विचारतो. त्याविषयी पुढे लिहीन.

आपण म्हणाल, वैद्यकीय सदरात चित्राचे काय काम? उतारवयात माणसाच्या वाट्याच्या निवडी एकेक करून कमी होत जातात. काय खायचे ते मधुमेह ठरवतो, कुठे जायचे ते गुडघे ठरवतात, केव्हा झोपायचे ते औषधांचे वेळापत्रक ठरवते आणि उरलेले मुलेसुना ठरवतात, तेही प्रेमानेच. अशा माणसाला "तुम्हाला काय आवडेल?" असे कोणी विचारले, तर क्षणभर त्याला उत्तरच सुचत नाही, कारण हा प्रश्न ऐकून त्याला फार दिवस झालेले असतात.

हाच प्रश्न कोणी मला विचारला, तर माझे उत्तर बरीच वर्षे ठरलेले होते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने आपल्या बागेतल्या जपानी पुलाची जी चित्रे उतारवयात काढली, त्यांतले एखादे. ही निवड रसिकाची कमी आणि डॉक्टरची जास्त होती. मोनेला १९१२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट-तपकिरी होत जाते. निळा आणि जांभळा रंग अडतो, कडा विरघळतात. त्याच पुलाची त्याची आधीची चित्रे हिरवी-निळी, शीतल आहेत. पुढच्या काळातली चित्रे तांबडी, तपकिरी, आगीत होरपळल्यासारखी दिसतात. पूल ओळखूसुद्धा येत नाही. डोळे फसवतात हे कळल्यावर तो रंगाच्या नळ्यांवरची नावे वाचून आणि रंगपाटीवर ठरलेल्या क्रमाने रंग मांडून काम करत असे.

शस्त्रक्रियेची त्याला धास्ती होती. त्याचा जिवलग मित्र जॉर्ज क्लेमांसो, जो फ्रान्सचा पंतप्रधान होता आणि शिक्षणाने डॉक्टर होता, त्याची समजूत घालत राहिला. अखेर १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, मोनेच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नंतर तो चिडला, निराश झाला, रंग विचित्र दिसतात म्हणून वैतागला. पण रंगीत काचांचे चष्मे वापरून पुन्हा कामाला लागला. १९२६ मध्ये तो वारला आणि त्याची कमळांची विशाल चित्रे पॅरिसमध्ये १९२७ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आत उरकते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तरीही "या वयात कशाला?" म्हणून ती टाळणाऱ्यांना मी मोनेची गोष्ट ऐकवत असतो.

पुढे मी उत्तर बदलले. बदललेले चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे. अंधारात उभी असलेली एक स्त्री. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांच्या फटींतून प्रकाश झिरपतो आहे, बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत आणि चेहरा उजळला आहे. अनेकजण हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. १८८२ मध्ये सावंतवाडीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या या चित्रकाराने ते १९४५-४६ च्या सुमारास काढले, म्हणजे रविवर्मा जाऊन चाळीस वर्षे झाल्यावर. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते ओळखले जाते आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे.

विशेष म्हणजे ते तैलरंगात नसून जलरंगात आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून रंग चढवता येतो. जलरंग एकदा कागदाने शोषला की दुरुस्तीला फारशी जागा उरत नाही. एवढा काळोख आणि त्यातला एवढासा उजेड पाण्यात कालवलेल्या रंगाने सांभाळणे, हे हाताची आणि मनाची परीक्षा पाहणारे काम. चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची कन्या गीता. हातात दिवा धरलेल्या त्या गीता उपळेकर यांचे २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, कोल्हापुरात निधन झाले.

डॉक्टर म्हणून मला त्या तांबूस बोटांचे फार कौतुक वाटते. प्रकाश बोटातून आरपार जाताना निळा-हिरवा भाग रक्त शोषून घेते आणि तांबडा पार होतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेले, बोटाला चिमट्यासारखे लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र याच तत्त्वावर चालते. ते बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्तातला प्राणवायू ताडते. हळदणकरांनी तो तांबडेपणा नुसत्या डोळ्यांनी टिपला होता.

परंतु हे चित्र निवडण्याचे खरे कारण निराळे आहे, आणि ते सांगताना मला माझी एक चूक सांगावी लागेल.

माझ्या आईच्या चाळीतल्या घरी या चित्राची छापील प्रत होती. वडिलांना कोणा दुकानदाराने दिवाळीत दिलेल्या कॅलेंडरवरचे ते चित्र. खालच्या तारखा कापून त्यांनी त्याला चौकट करून घेतली होती. स्वयंपाकघराच्या दारासमोर ते होते. चौकटीच्या मागे आई विजेची बिले खोचून ठेवी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी देवांची पूजा झाली की ती त्या काचेवरही कुंकवाचे एक बोट टेकवी. "अगं, ही काही देवी नव्हे," असे वडील म्हणत. ती म्हणे, "दिवा विझू देत नाही ना? मग झाले तर."

वडील गेल्यावर काही वर्षांनी आई पडली, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर तिला माझ्याकडे आणले आणि चाळीतली जागा रिकामी केली. मी तिच्यासाठी आदर्श खोली सजवली असे मला वाटत होते. पाठ उचलता येणारा पलंग, हाताला लागेल अशी घंटी, स्नानगृहात आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी. पलंगासमोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि औषधांचा तक्ता. जुन्या घरातले पुष्कळसे सामान मी एका दिवसात भंगारवाल्याला दिले. ती चौकटही त्यातच गेली. काच कुंकवाने डागाळली होती, कागद पिवळा पडला होता. तिला विचारावे असे मला सुचलेसुद्धा नाही.

हाड उत्तम सांधले. आई मात्र अबोल झाली. मी तिच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, थायरॉईड पाहिले, जीवनसत्त्व बी-१२ पाहिले, औषधे तपासली. सगळे ठीक होते. एका संध्याकाळी माझ्या मुलीने माझाच खेळ तिच्याशी मांडला, "आजी, जगातले एकच चित्र मिळणार, तर कोणते?" आई क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "दिव्याचे." मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "आपले कुठे ठेवलेस रे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात मी त्याच चित्राची मोठी, सुरेख छापलेली प्रत चौकट करून आणली. तिने बराच वेळ पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "तेच आहे. पण आपले नव्हे."

त्या दिवशी मला माझ्याच प्रश्नातला शब्द नव्याने कळला. जगाच्या लेखी अस्सल चित्र म्हैसूरला आहे. आईच्या लेखी अस्सल ते होते, जे वडिलांनी कात्री घेऊन कापले होते आणि ज्याच्यावर चाळीस दिवाळ्यांचे कुंकू होते. तिने नव्या चित्राला नावे ठेवली नाहीत. पुढच्या दिवाळीत त्याच्याही काचेवर बोट टेकवले. आता ती नाही. चित्र अजून त्याच भिंतीवर आहे. मला कोणी विचारले, तर आज मी म्हैसूरचे मूळ चित्रही मागणार नाही. मी भंगारात दिलेली ती चौकट परत मागेन.

म्हणून वाचकहो, विशेषतः घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनो, एक विनंती. आईवडिलांना एका घरातून दुसऱ्या घरी, किंवा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवण्यापूर्वी त्यांना विचारा, "येथले कोणते एक चित्र बरोबर न्यायचे?" प्रश्न विचारून थांबा, उत्तराला वेळ लागला तरी आपण सुचवू नका. जे सांगतील ते बिनकामाचे, फाटके, धुरकट वाटले तरी जसेच्या तसे न्या. काच पुसण्याआधीसुद्धा विचारा.

चित्र लावताना स्वतः त्यांच्या पलंगावर आडवे होऊन, मग खुर्चीत बसून पाहा. उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावलेले चित्र निजलेल्या माणसाला दिसत नाही. वयाबरोबर डोळ्याला अधिक उजेड लागतो, म्हणून चित्रावर दिव्याचा प्रकाश पडू द्या. मात्र खिडकीचे प्रतिबिंब काचेत चमकणार नाही अशी जागा निवडा. जड चौकट उशाशी, डोक्यावर लावू नका. आणि ती पुसायला त्यांना स्टुलावर चढावे लागेल अशा उंचीवर तर मुळीच नको.

हेच चित्र डोळ्यांची घरगुती तपासणीही करते. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून चौकटीकडे पाहायला सांगा. सरळ कडा वाकड्या किंवा लाटेसारख्या दिसल्या, अथवा मधोमध डाग दिसला, तर दृष्टिपटलाचा विकार असू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यात दिवस घालवू नका. सगळेच धुरकट, पिवळट वाटत असेल, तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीने चित्रातल्या बाईला आपली बहीण म्हटले, तर चूक काढू नका, बहिणीविषयी विचारा. काही रुग्णांना मात्र काचेतले स्वतःचे प्रतिबिंब परक्या माणसासारखे वाटून भीती वाटते. तसे दिसले तर काच काढा किंवा चित्राची जागा बदला.

आणि "आमचे काय राहिले आहे?" हे उत्तर आले तर? कधी ती नुसती बोलण्याची रीत असते. पण त्याबरोबर जेवण, झोप, माणसे, देवपूजा, वर्तमानपत्र यांतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेला असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगा. ऐकू न येणे, दुखणे, एखादे औषध, थायरॉईड किंवा नैराश्य, यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते, आणि नैराश्याला म्हातारपणातही उपचार आहेत. एक-दोन दिवसांतच माणूस एकाएकी बदलला, गोंधळला, झापडीत गेला, तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णाला दाखवा.

ज्येष्ठ वाचकांनीही हा प्रश्न कोणी विचारण्याची वाट पाहू नये. आज संध्याकाळी दिवेलागणीला आपल्या घरातल्या भिंतींवरून एकवार नजर फिरवा, त्यांतले एक चित्र निवडा आणि ते कोणते व का, हे घरातल्या कोणालातरी मोठ्याने सांगून ठेवा. माझ्या आईने ते मला कधी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.