सुरक्षा कोणाची? मीटरची, कंपनीची की माणसाची?

यंत्रांच्या सुरक्षेचा प्रश्न निघाला की आपले कार्यकर्ते तो इंजिनिअरांवर सोडून मोकळे होतात. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार, जमीन हे चळवळीचे विषय. आणि मीटर, सिमकार्ड, संदेश, चावी हे तांत्रिक विषय, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे. आम्हाला ही वाटणी मान्य नाही. ज्या यंत्राला आलेल्या एका संदेशाने वस्तीतल्या घराचा दिवा विझतो आणि ज्या यंत्राच्या एका नोंदीवर सफाई कामगाराची हजेरी ठरते, ते यंत्र नुसता तांत्रिक विषय राहत नाही. तो हक्काचा विषय होतो.

म्हणून आधी हे यंत्र समजून घेऊ. न समजता केलेला विरोध हा आरडाओरडा ठरतो आणि प्रस्थापितांना तेच हवे असते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये वीज वितरण सुधारणेची नवी योजना आणली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे लक्ष्य ठेवले. हा मीटर म्हणजे जुनी फिरणारी चकती नव्हे. तो एक छोटा संगणक आहे. दर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या वापराची तो नोंद ठेवतो, ती सर्व्हरकडे पाठवतो आणि उलट दिशेने आलेला हुकूमही पाळतो. वीज तोडण्याचा खटका त्याच्या पोटातच असतो. वायरमनने खांबावर चढायची गरज उरत नाही. हुकूम आला की दिवा गेला.

हा संदेश जातो कसा? काही ठिकाणी मीटरमध्ये सिमकार्ड असते आणि संदेश थेट मोबाइल टॉवरकडे जातो. काही ठिकाणी मीटर रेडिओने एकमेकांशी जोडलेले असतात. दूरच्या घराचा मीटर आपला संदेश शेजारच्या मीटरला देतो, तो पुढच्याला देतो, असे करत संदेश वस्तीतल्या गोळा करणाऱ्या पेटीपर्यंत पोहोचतो. म्हणजे आपल्या घराचा मीटर हा शेजाऱ्याचा पोस्टमनही असतो.

अशा जाळ्यात संदेशाची वाट ठरवण्याची ‘आरपीएल’ नावाची एक पद्धत आहे. तिचे मानक मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिची रचना प्रत्येक आंबेडकरवाद्याने एकदा समजून घ्यावी अशी आहे. जाळ्याच्या टोकाला एक ‘मूळ’ असते. त्या मुळाच्या मानाने कोण कुठे आहे यावरून प्रत्येक यंत्राला ‘रँक’ म्हणजे दर्जा मिळतो. प्रत्येक यंत्र मुळाच्या अधिक जवळ असलेल्या एकाला ‘पालक’ निवडते आणि आपला संदेश त्याच्यामार्फत वर पाठवते. या पद्धतीच्या एका प्रकारात तर असे होते की, दोन यंत्रांच्या मध्ये एकच तिसरे यंत्र असले तरी त्यांचा संदेश मधल्या वाटेने जात नाही. तो आधी वर मुळापर्यंत जातो आणि तिथून खाली येतो.

दर्जा, पालक, वर जाणे, खाली येणे! ही भाषा आपल्याला अनोळखी नाही. पण ‘बघा, यंत्रातही जात आली’ असे टाळ्या घेणारे भाषण आम्ही करणार नाही. फरक नीट पाहा. यंत्रातला दर्जा जन्माने मिळत नाही. वाट बिघडली, मधले यंत्र बंद पडले, तर दर्जा पुन्हा मोजला जातो आणि पालक बदलता येतो. काल तळाशी असलेले यंत्र उद्या मुळाजवळ जाऊ शकते. जातीच्या उतरंडीत हे कधी झाले? इंजिनिअरांनी प्लॅस्टिकच्या डब्याला जी मोकळीक दिली, ती मनूने हाडामांसाच्या माणसाला दिली नाही.

आणि या जाळ्याला मोठा धोका कोणाचा असतो? खोटा दर्जा जाहीर करणाऱ्याचा. एखादे घुसखोर यंत्र ‘मीच मुळाच्या सर्वांत जवळ’ असे सांगत सुटते. आजूबाजूची यंत्रे त्याला पालक मानतात. सगळे संदेश त्याच्याकडे वाहू लागतात. मग ते हवे ते अडवते आणि हवे तेवढेच पुढे सोडते. सुरक्षेचे जाणकार याला सरळ हल्ला म्हणतात आणि पुराव्याशिवाय कोणाचा दर्जा मानू नका असे बजावतात. आपल्या देशात मात्र ‘देवाच्या सर्वांत जवळ आम्हीच’ म्हणणाऱ्यांच्या दाव्याला धर्म म्हटले गेले. महात्मा फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी त्या दाव्याचा पुरावा मागितला, म्हणून ते समाजद्रोही ठरवले गेले!

आता कुलपाकडे येऊ. मीटरचा संदेश उघडा जात नाही. भारतीय मानकांप्रमाणे तो १२८ बिटांच्या चावीने बंद केला जातो. शेजारचा मीटर पाकीट पुढे नेतो, पण ते फोडू शकत नाही. हे चांगलेच आहे. घरात वीज केव्हा वापरली जाते यावरून घर केव्हा रिकामे असते, माणसे केव्हा झोपतात, केव्हा उठतात हे सगळे कळते. ते कोणाही टपोरीच्या हाती जाता कामा नये. शिवाय कुलूप ढिले असले की काय होते हे जगाने २०१६ मध्ये पाहिले आहे. ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्या फौजेच्या जोरावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. म्हणून पक्के कुलूप हवे, याबद्दल आमचे दुमत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. हे कुलूप कोणाच्या आणि कोणाच्या मध्ये आहे? मीटर आणि कंपनीच्या मध्ये. चोराला आत येऊ द्यायचे नाही, शेजाऱ्याला येऊ द्यायचे नाही, आणि ज्याच्या भिंतीवर मीटर लटकला आहे त्यालाही येऊ द्यायचे नाही! ग्राहकाचे नाव त्या कागदावर बिल भरणारा म्हणून आहे, चावी बाळगणारा म्हणून नाही. वीज तोडण्याचा हुकूम पूर्ण सुरक्षितपणे येतो, वाटेत कोणी बदलत नाही, खरा कंपनीचाच असतो. पण तो न्याय्य आहे का, हे तपासणारे कुलूप अजून कोणी बनवलेले नाही. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ सांगते की, बिल थकले तरी वीज तोडण्याआधी लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस थांबले पाहिजे. प्रीपेड मीटरमध्ये बिल थकण्याचा प्रसंगच येत नाही. शिल्लक संपली की वीज जाते. जिथे कायद्याने गरिबाला पंधरा दिवस दिले, तिथे यंत्राने त्याला उभे राहायलाही जागा ठेवली नाही.

महाराष्ट्रात लोकांनी या प्रीपेड मीटरला विरोध केला आणि २०२४ मध्ये सामान्य घरगुती ग्राहकांना ते बसवणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. पण स्मार्ट मीटर थांबले नाहीत. पोस्टपेड म्हणून, ‘टीओडी’ म्हणून ते येतच राहिले. लढा ‘प्रीपेड’ या एका शब्दाशी झाला. चावीशी झाला नाही. म्हणून शब्द गेला आणि चावी जिथे होती तिथेच राहिली.

मीटर सर्वांच्या भिंतीवर येतो. पण मनगटावरचे यंत्र कोणाच्या वाट्याला आले ते पाहा. नागपूर, चंडीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळे दिली गेली. कामगार कुठे उभा आहे, किती वेळ उभा आहे, हा संदेश घड्याळातून कार्यालयातल्या पडद्यावर जातो. चंडीगड आणि पंचकुलाच्या कामगारांनी याविरुद्ध आवाज उठवला. झाडू कोणाच्या हाती आहे हे या देशात वेगळे सांगायला नको. ज्या जातींना गटारात उतरवले, त्यांच्याच मनगटावर हे यंत्र आले. त्याच महापालिकेचे इंजिनिअर, ठेकेदार आणि अधिकारी दिवसभर कुठे असतात, याचे घड्याळ कोणी बांधले?

‘कामचुकारपणा थांबेल’, असे उत्तर मिळते. मग आम्ही विचारतो, याच घड्याळातून उलट संदेश का जात नाही? कामगार गटाराच्या तोंडाशी उभा आहे, विषारी वायू आहे, हातमोजे दिलेले नाहीत, हे सांगणारे बटण त्यावर का नसावे? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. तो गुन्हा नोंदवणारे घड्याळ बनवणे अवघड नाही. रेडिओ तोच, बॅटरी तीच, सर्व्हरही तोच. पण संदेशाची वाट कोणी आखली यावर संदेश कोणता जाणार हे ठरते. कामगाराची चूक वर जाते. मालकाची चूक कुठेच जात नाही.

कायदा वाचवेल, असे कोणी समजत असेल तर त्याने तो कायदा उघडून वाचावा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे कलम ७ म्हणते की, नोकरीच्या कारणासाठी मालकाने कामगाराची माहिती वापरली तर संमतीची गरज नाही. आणि कलम ११ ‘माझ्याबद्दल काय माहिती ठेवली ते दाखवा’ हा हक्क देते, पण तो ज्याने संमती दिली त्याला. दोन्ही कलमे शेजारी ठेवा. मालकाने संमती मागितलीच नाही, म्हणून कामगाराला बघण्याचाही हक्क नाही! माहिती याच्या मनगटाची आणि दार याच्याच तोंडावर बंद. आपल्या पूर्वजांच्या कानांना हे दार चांगले परिचयाचे आहे.

माहिती मागायला गेले की ‘सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही’ हे उत्तर तयार असते. तरुणांनो, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्याही खोटे आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच गुप्तलेखनाचा एक नियम मांडला. सगळी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे. गुप्त राहावी ती फक्त चावी. आजचे सगळे आधुनिक गुप्तलेखन या नियमावर उभे आहे. पद्धत लपवल्याशिवाय जे सुरक्षित राहत नाही, ते मुळात सुरक्षितच नसते. म्हणून माहिती कोणती गोळा होते, कुठल्या वाटेने जाते, कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, हे सांगितल्याने सुरक्षेला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो मक्तेदारीला. चावी गुप्त ठेवणे ही सुरक्षा आहे. ज्ञान गुप्त ठेवणे ही ब्राह्मणशाही आहे.

आमचे काही मित्र दुसऱ्या टोकाला जातात. ‘ही यंत्रेच नकोत, फोडून टाका’, असे म्हणतात. त्यांचा संताप आम्हाला कळतो, पण हा मार्ग बाबासाहेबांचा नाही. यंत्राला दोष देणाऱ्या गांधीवादाचा त्यांनी १९४५ च्या ग्रंथात समाचार घेतला. यंत्राचा लाभ मूठभरांनी लाटला असेल तर यंत्र मोडू नका, समाजरचना बदला, अशी त्यांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि विजेचे धोरणही त्याच खात्यात येत होते. स्वस्त आणि मुबलक वीज हे त्यांच्या दृष्टीने दारिद्र्यातून सुटकेचे साधन होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले. ज्या बाबासाहेबांनी विजेचा विचार गरिबाच्या बाजूने केला, त्यांच्या अनुयायांनी विजेच्या मीटरकडे पाठ फिरवावी काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली, वाट उघडी करा. कोणती माहिती कुठून कुठे जाते याचा नकाशा मराठीत, वीज कार्यालयाच्या आणि वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावा.

दुसरी, चावीचा हिशोब द्या. प्रत्येक यंत्राची चावी वेगळी असावी आणि चाव्यांचा ताबा ठेकेदाराकडे नव्हे, जनतेला उत्तरदायी असलेल्या संस्थेकडे असावा. वीज तोडण्याच्या प्रत्येक हुकमावर कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे.

तिसरी, नोंदीची प्रत द्या. मीटरची नोंद ग्राहकाला आणि घड्याळाची नोंद कामगाराला, त्याच दिवशी. जी नोंद कामगाराला दाखवली नाही, तिच्यावर पगार कापता येणार नाही.

चौथी, उलटी वाट द्या. घड्याळ बांधायचेच असेल तर कामगाराची तक्रार नेणारे बटण त्यावर हवे आणि तो संदेश ठेकेदाराबरोबर युनियनकडेही गेला पाहिजे. काम संपले की घड्याळ बंद.

हे कोण करणार? आपलीच मुले. आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आज इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या पदव्या घेत आहेत. त्यांना आम्ही फक्त जयंतीच्या डीजेचा हिशोब आणि पोस्टरचे डिझाइन एवढेच काम देतो! प्रत्येक शहरात पाच जणांनी बसावे, करारांचे कागद माहिती अधिकारात मागवावेत. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला तर त्या कायद्याचे कलम ८ पूर्ण वाचून दाखवावे. व्यापक जनहितासाठी ती माहिती देता येते, असे तिथेच लिहिले आहे. मग सफाई कामगारांच्या युनियनसमोर आणि महिला मंडळासमोर तो कागद साध्या मराठीत समजावून सांगावा.

चवदार तळ्यावर आपले लोक नुसते तहान भागवायला गेले नव्हते. सार्वजनिक पाण्यावर आपलाही हक्क आहे, हे सिद्ध करायला गेले होते. आज आपल्याच भिंतीवरून आणि आपल्याच मनगटावरून संदेशांचा प्रवाह वाहतो आहे. त्याला हात लावायचा हक्क आपल्याला आहे. तो मागून मिळणार नाही. शिकून, संघटित होऊन, लढून घ्यावा लागेल.

जय भीम!